नायगावच्या मांडवातल्या शांततेबाबत खुलासा

तरोडा नाका, नांदेड
रविवार

आदरणीय नरसिंगदाजी यांना धाकटा मेव्हणा रविकांत याचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल. घशाची औषधं चालू आहेत का, कोमट पाण्याच्या गुळण्या न चुकता करता का, आणि लातूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतंय, हे सगळं मी फोनवरच विचारणार होतो. पण नायगावच्या लग्नापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. आक्काने उचलला तर मागून तुमचा खाकरण्याचा आवाज येतो आणि आक्का एकदम वांग्याच्या भावावर बोलायला लागते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही तुम्ही बाहेर पडलात. (त्यावर ज्या दोघातिघांनी अंगठा दाखवला, तो त्यांच्याकडून चुकून दाबला गेला असं त्यांचं म्हणणं आहे.) म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. तुम्ही उभा जन्म हेडमास्तरकी केली, आलेला कागद न वाचता बाजूला ठेवणं तुमच्या हातून व्हायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. फार तर लाल पेनाने शुद्धलेखन दुरुस्त कराल. खुशाल करा. पत्र सोमेशच्या हाती देतोय. तो लातूरच्या गाडीवर कंडक्टर आहे, आणि मी वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो असलो तरी बसस्थानकावर माझा शब्द अजून खाली पडत नाही.

मुद्दा एकच आहे, तो आधी सांगून टाकतो. पुढच्या महिन्यात आपल्या लुंबिनीचं लग्न आहे. मी तिचा सख्खा मामा. तिच्यासाठी मी स्वतःच्या हाताने एक गाणं तयार करतोय, ते तिने मांडवातून स्टेजकडे चालत येताना वाजायचं आहे. आणि तुम्ही नायगावला साऱ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलंत की, "रविकांत, माझ्या लेकीच्या लग्नात तुझं ते यंत्र दिसायचं न्हाई. तू ये, जेव, अन् गप बस." हा हुकूम मागे घ्यावा, यासाठी हा खुलासा. नोकरीत मी पुष्कळ खुलासे लिहिले आणि त्यातले बहुतेक साहेबांनी मान्य केले, त्यामुळे याचीही मला फारशी काळजी वाटत नाही.

तुम्हाला वाटतं मला म्हातारचळ लागलाय. तसं काही नाही. रिटायर झालेली माणसं प्लॉटचे भाव विचारत हिंडतात किंवा शेजाऱ्याच्या भांडणात साक्षीदार होतात. मी इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करायला शिकलो. पोराचा जुना लॅपटॉप घरात पडून होता (उन्हात पापड घातले की कापड उडू नये म्हणून विशाखा तो एका कोपऱ्यावर ठेवायची), आणि ही विद्या इंटरनेटवर फुकट शिकवतात असं कळलं. आता फुकट मिळतंय आणि आपण घ्यायचं नाही, हे आपल्या घराण्यात कधी झालेलं नाही. माझा पहिला गुरू परदेशातला, उलटी टोपी घातलेला पोरगा. तो इतक्या वेगात इंग्रजी बोलायचा की मी त्याचा वेग निम्मा करून ठेवला. त्यामुळे बोलणं समजायला लागलं, पण तो पिऊन आल्यासारखा वाटायला लागला. विशाखा स्वयंपाकघरातून विचारायची, "या लेकराला घरचं कोनी न्हाई का हो?" मग एक हिंदी गुरू सापडला. तो धड्याचा पहिला भाग घंटा दाबा, घंटा दाबा म्हणण्यात घालवतो, मधल्या भागात स्वतःची खुर्ची दाखवतो, आणि खरी खुबी पुढच्या धड्यात सांगतो म्हणून निरोप घेतो. पण असल्या गुरूंकडूनही मी सगळं काढून घेतलं. आता मीच त्यांच्या धड्यांखाली सूचना लिहितो. एकाने त्यावर हात जोडल्याचं चित्रही पाठवलं.

खरं सांगतो दाजी, गाणं तयार करायचा तो पडदा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी लॅपटॉप परत पापडाच्या कापडावर ठेवायला निघालो होतो. पण जरा निरखून पाहिल्यावर जीव भांड्यात पडला. एकाखाली एक लांबच लांब पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर एकेक आवाज, आणि प्रत्येकाने आपल्या जागी आपल्या वेळेला यायचं. हे तर आपलं बसस्थानक आहे! ढोल एक नंबरच्या फलाटावर, टाळी दोनवर, पेटी तीनवर, आणि कोणी कोणाच्या आडवं यायचं नाही. जन्मभर मी दुसरं केलं काय? त्या दिवसापासून मला या विद्येची भीती म्हणून वाटली नाही.

सुरुवातीला थोडं अंगाशी आलं, ते लपवत नाही. पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं, त्यात गाणं जपून ठेवता यायचं पण पुन्हा उघडता यायचं नाही. यावर मी उपाय काढला की लॅपटॉप बंदच करायचा नाही. घरात सक्त ताकीद दिली. विशाखाने त्याला ऊन लागू नये म्हणून वर आपलं जुनं लुगडं घातलं. पाहुणे आले की दबक्या आवाजात विचारायचे, कोण आजारी आहे. माझं पहिलं गाणं असं गेल्या वर्षी भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत माझ्यासोबत राहिलं, आणि एका दुपारी लाईट गेली, त्यात ते गेलं. बॅटरी तेव्हा नावालाच होती, नवी नंतर टाकली. ते गाणं माझ्याशिवाय कोणीच ऐकलेलं नाही, त्यामुळे ते किती भारी होतं याबाबत तुम्हाला माझ्याच शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

पुढे दुसरं सॉफ्टवेअर मिळालं, तेही फुकट, पण त्यात गाणं परत उघडतं. आणि टोपीवाल्या गुरूने तेव्हाच एक मोलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, जगातले सगळे लोक तेच तयार आवाज वापरतात, तुम्ही आपल्या घरातले आवाज पकडा. मी विशाखाला म्हटलं, तू भाकरी थाप, मी आवाज धरतो. एरवी ती भाकरी थापायला लागली की गल्लीच्या टोकाला कळतं आमच्याकडे जेवणं होणार. पण परातीजवळ माइक ठेवला तर बाईसाहेबांनी आधी तोंड धुतलं, लुगडं बदललं, आणि लेकराला निजवल्यासारखी हलक्या हाताने भाकरी थापायला लागली. मी म्हटलं, अगं जोरात. ती म्हणाली, "जोरात कसं थापू मंग, बाहेर ऐकतेत न्हाई का लोक?" शेवटी मी म्हटलं, मनात एखादा राग आण. तिने डोळे मिटून कोणाला मनात आणलं ते तिने सांगितलं नाही, पण त्यानंतर माझ्याकडे एकदा बघून तिने जी थाप मारली, तीच आज माझ्या सगळ्या संगीताचा मुख्य ठोका आहे. त्या दिवशीच्या भाकऱ्या जरा जाड झाल्या, पण खाल्ल्या.

मग खंजिरी धरायची होती. (तीच खंजिरी, जी मी तुमच्या गायन पार्टीत वाजवायचो.) बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मधल्या खोलीच्या भिंतींना घरातल्या सगळ्या वाकळा टांगल्या, खिडक्या लावल्या आणि पंखा बंद केला, कारण पंखा चालू असला तर गाण्यात गिरणी चालू असल्यासारखं वाटतं. नांदेडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. खंजिरी चांगली चालली होती एवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते म्हणजे शेजारचे माधवराव माझ्या नाकाला फोडलेला कांदा लावून बसले होते आणि विशाखा त्यांना सांगत होती की, "संगीत शिकायलेत ते." माधवराव म्हणाले, "मग घाबरू नका वहिनी. आमच्या आलोकनेही गिटार आणली होती, आठवड्यात उतार पडला." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. खंजिरीचा तुकडा मात्र अप्रतिम आलाय.

आता नायगाव. लग्न माझा पुतण्या प्रेम याचं, आणि त्यानेच हौसेने सांगितलं की काका, वरात मांडवात येईल तेव्हा तुमचं गाणं लावू. साउंडवाल्याने माझ्या लॅपटॉपला वायर जोडून दिली. पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर होते. गाणं सुरू झालं, आणि दाजी, तुम्ही स्वतः पाहिलंत, अर्ध्या मिनिटात पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. वाढप्यांचे पाय हलत होते. तुमचाही पाय हलत होता, मी पाहिलं आहे, आणि आक्काही साक्षीला आहे. इथपर्यंत माझी काही चूक नाही हे तुम्हीही मान्य कराल.

पुढे गुरूचा नियम असा आहे की, नाच रंगात आला की सगळं संगीत एकदम थांबवायचं, शांतता ठेवायची, आणि मग सगळे ठोके एकदम आणायचे. लोक त्या क्षणासाठी जीव टाकतात म्हणे. शांतता किती ठेवायची? गुरू म्हणतो चार ठोके. मी विचार केला, चार ठोक्यांत काय होणार आहे? हा बिचारा कधी बसस्थानकावर उभा राहिलेला नाही. मी तीस वर्षं पाहिलंय, गाडी वेळेवर आली की माणूस तिच्याकडे बघतसुद्धा नाही, गुपचूप चढतो. पण तासभर वाट बघायला लावून आली की लोक नुसते हरखून जातात, ड्रायव्हरला हात करतात, एकमेकांच्या पिशव्या उचलून देतात. तेव्हा आनंद पाहिजे असेल तर वाट बघायला लावलं पाहिजे. म्हणून मी चार ठोक्यांच्या जागी चांगली मिनिटभर शांतता ठेवली. हा हिशोब अजूनही मला चुकीचा वाटत नाही. चुकला तो मांडव.

कारण आपल्या मांडवात वाजत्या गाण्याचा आवाज एकाएकी बंद होतो, त्याचा अर्थ एकच असतो: बौद्धाचार्य माइकपाशी आले आणि त्रिसरण-पंचशील सुरू होतंय. हे माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि टोपीवाल्याच्या धड्यातही कुठे नव्हतं. गाणं थांबलं तशी पोरं खांद्यावरून उतरली. चपला बाजूला झाल्या. बायांनी पदर सारखे केले, लेकरांच्या हातातले फुगे काढून घेतले, आणि पाहता पाहता सगळा मांडव हात जोडून उभा राहिला. नायगावच्या आत्याबाई, ज्या दुपारपासून जेवणाची वाट बघत होत्या, त्यांनी डोळे मिटून खणखणीत आवाजात "नमो तस्स" सुरू केलं आणि चारशे माणसांनी ते उचललं. बौद्धाचार्य मांडवामागे बशीतून चहा पीत होते. आपल्यावाचून वंदना सुरू झाली म्हटल्यावर ते बशीसकट पळत आले आणि बशी धरूनच त्यांनी हात जोडले.

तुमचा मुख्य आक्षेप असा की, मी लॅपटॉपसमोर होतो, पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं, तर मी बटण का दाबलं नाही? दाजी, कसं दाबणार? माझे हात जोडलेले होते. वंदना चालू असताना जोडलेले हात सोडायचे नाहीत, हे आक्काशी लग्न करून आमच्या घरात आल्यावर तुम्हीच मला शिकवलं आहे, आणि एकदा मी माशी हाकलली म्हणून पाठीत धपाटाही घातला आहे. गाणं कुठवर आलं हे दाखवणारी पडद्यावरची उभी रेघ फलाटाला लागत होती, मी ती नुसता बघत होतो आणि मनात शील म्हणत होतो. माणसाने अजून काय करायचं?

मग विशाखाची भाकरी पडली. दोन्ही स्पीकरमधून एकदम. तुम्ही घरातले वडीलधारे म्हणून तुम्हाला पुढे, नेमकं उजव्या स्पीकरजवळ उभं केलेलं. बौद्धाचार्यांची बशी कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही. पोरांना काय करावं कळेना, म्हणून निम्मी पोरं हात जोडूनच नाचायला लागली. आत्याबाई मात्र एक अक्षर न चुकता पुढे म्हणत राहिल्या, त्या बाईंना मानलं पाहिजे. आणि तुम्ही नाकावर घसरलेला चष्मा सावरत वायर शोधली आणि उपटली. ती चुकीची वायर होती, त्यामुळे मांडवातले दिवे आणि पंखे गेले आणि गाणं लॅपटॉपच्या आतल्या आवाजात बारीक चालूच राहिलं, यात माझा काही दोष नाही.

तरी माझं म्हणणं शांतपणे ऐका. नायगावात इतक्या शिस्तीत, कोणी न सांगता, पहिल्या शब्दापासून सगळा मांडव उभा, अशी वंदना याआधी कधी झाली होती का? एरवी माइकवरून दहा वेळा 'कृपया शांत राहा' म्हणावं लागतं. माझ्या संगीताने ते काम न बोलता केलं. आक्काला हे पटलंय, फक्त ती तुमच्यासमोर बोलत नाही.

आता लुंबिनीच्या गाण्याबद्दल. ते तसलं नाही. ते नवरीच्या पावलांच्या चालीचं आहे, सावकाश. भाकरीचा ठोका आहे, पण दुरून येणारा. पेटी आहे, खंजिरी आहे. शांतता अजिबात नाही, मी कानाला खडा लावलाय. मधे फक्त एक जागा मोकळी आहे, ती गळ्याची. तिथे मी स्वतः गाऊन पाहिलं. विशाखा म्हणाली, "फलाट सांगितल्यावानी वाटतंय." तिचं खरं आहे.

गळ्यावरून आठवलं. तुमच्या पार्टीत मी खंजिरी वाजवायचो तेव्हा हमखास पुढे पळायचो, आणि तुम्ही गाणं न थांबवता नुसती मान वळवून असं बघायचात की पुढच्या ओळीला मी ताळ्यावर यायचो. जयंतीला लातूरच्या चौकात माइक बंद पडला होता आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला तुमचा शब्दन्‌शब्द ऐकू गेला, तेव्हा मी तुमच्या मागे बसलो होतो. घशातली गाठ काढल्यापासून तुम्ही पेटी माळ्यावर टाकलीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. हे मी कधी बोललो नाही, कारण तुमच्यासमोर असं काही बोलायची सोय नसते.

असो. वरील खुलासा समाधानकारक मानून मनाई उठवावी, ही विनंती. मंजुरी गृहीत धरून मी नवी लांब वायर आणून ठेवली आहे. विशाखाचा तुम्हाला आणि आक्काला जयभीम. आक्काने दिलेलं मिरचीचं लोणचं संपलं, हेही तिला सांगा.

आपला आज्ञाधारक (एक गोष्ट सोडून),
रविकांत

ता. क. गाण्याची कल्पना माझी नाही. थंडीत लुंबिनी परीक्षेसाठी आमच्याकडे मुक्कामाला होती, तेव्हा माझ्यामागे खुर्ची घेऊन बसली आणि म्हणाली, "मामा, मला लग्नात बाबाचं गाणं पायजे. आवाज गेला म्हनतेत, न्हाई म्हनतेत. तुमच्या या मशिनीत होतंय का काही?" मी म्हटलं, होतंय, त्यात काय. मग तुमची जुनी रेकॉर्डिंग शोधायला लागलो. दाजी, एकही नाही. वीस वर्षं आपण गावोगाव गायलो, आणि तुमचा आवाज कोणी धरून ठेवला नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये सापडलं ते नुसतं गर्दी आणि घोषणा. त्यानंतरचे सगळे धडे मी त्या मोकळ्या जागेसाठी बघितले. हे लुंबिनीने तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं.

ता. क. दुसरा. नायगावला टाळ्या पकडाव्यात म्हणून मी लॅपटॉपचा माइक चालू ठेवला होता. टाळ्या पडल्या नाहीत. पण तुम्ही मला जे झाडलंत ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ आलंय. घरी येऊन ऐकलं. आवाज गेलेला नाही, दाजी. खरबरीत झालाय, पण "दिसायचं न्हाई" मधला शेवटचा शब्द तुम्ही वर नेलात तो थेट सुरावर बसलाय, मी मशीनवर लावून पाहिलं. तो तुकडा मोकळ्या जागेत ठेवून मी लुंबिनीला पाठवला. ती आधी पोट धरून हसली, मग रडली, मग तिने आक्काला ऐकवला, आणि आक्काने गॅस बंद करून तो दुसऱ्यांदा लावायला सांगितला. (फोनवर वांग्याचे भाव त्या दिवसापासून निघायला लागलेत.) लुंबिनी म्हणते, "मामा, बाबा न्हाई गायले तर हेच वाजवू. चिडलेला असला तरी चालतो, पन बाबाचाच पायजे." तिला नाही म्हणणं मला जमणार नाही. म्हणजे लेक स्टेजकडे चालत येईल तेव्हा सगळा मांडव ऐकेल, "तू ये, जेव, अन् गप बस."

ता. क. तिसरा. सोमेशला सांगून ठेवलंय, येत्या रविवारी सकाळच्या गाडीत पुढची सीट तुमच्यासाठी धरलेली असेल. खोलीत वाकळा टांगलेल्या आहेत, पंखा तेवढा बंद ठेवावा लागेल. एकच ओळ गायची आहे. मधेच अडकली तर अडकू द्या, मी काहीही दुरुस्त करणार नाही. आणि अगदीच गावंसं वाटलं नाही तर समोर बसून मला मनसोक्त रागवा; माइक मी चालू ठेवीन.